शालनबाई गाडी उघडण्याआधी

सुजितने जाहिरात टाकली तेव्हा आपण मावशीवर उपकार करतोय, अशीच त्याची समजूत होती. गुरुवारची सुट्टी होती. स्वयंपाकघरातल्या मांडणीखाली गंजत पडलेल्या लोखंडी पट्ट्या, वाकवलेल्या सळया आणि तारेचे आकडे त्याने फरशीवर ओळीने मांडले, पडदा सरकवून उजेड घेतला आणि मोबाइलवर झकास फोटो काढला. जुनं सामान विकायच्या ॲपवर शीर्षक काय द्यावं, यावर त्याने चहा गार होईपर्यंत विचार केला. बार्शीच्या शाळेत निबंधाला त्याचा पहिला नंबर यायचा, आणि ती विद्या इथे आल्यापासून नुसती पडून होती. त्याने लिहिलं, ‘कोणतीही गाडी उघडा! चावीची गरज नाही! संपूर्ण सेट, अत्यंत वाजवी दरात!’ खाली फोन नंबर मावशीचा दिला, कारण कंपनीत लाइनवर उभं असताना स्वतःचा फोन वाजला की सुपरवायझर सगळ्यांदेखत पूजा बांधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शालनबाईचा फोन वाजायला लागला. एकाने विचारलं, उघडताना आवाज होतो का? दुसऱ्याने विचारलं, नव्या मॉडेलला चालेल का, आणि अंधार पडल्यावर घ्यायला आलं तर जमेल का? मग एका बाईचा फोन आला. त्या बाईने ना आवाजाचं विचारलं, ना दराचं. पत्ता तेवढा विचारला. शालनबाईने तो खाणाखुणांसकट सांगितला. रहाटणीच्या चौकातून आत या, गुलमोहराखाली चावीचं टेबल आहे, कुणालाही विचारा. गिऱ्हाईक समजून तिने गाडी कुठे लावली तर चलान होत नाही, तेही सांगितलं.

ती बाई आली ती पोलिसांच्या गाडीतून. गाडी तिने बरोबर सांगितलेल्या जागीच लावली.

संध्याकाळी सुजित चाकणहून परतला तेव्हा गुलमोहराखाली रिकामं टेबल होतं आणि टेबलामागे रिकाम्या हाताने बसलेली शालनबाई. जुन्या पट्ट्या घरातून गेल्या होत्याच, शिवाय रोजच्या कामाचं नवं सामानही पोत्यात भरून स्टेशनला गेलं होतं. दाराच्या फटीत घालून फुगवायची हवेची पिशवी, लांब सळई, सगळं.

“सुज्या,” ती म्हणाली, “तू मला विकायला काढलास का काय रे?”

“तुला नाही गं मावशी. काकांच्या त्या जुन्या पट्ट्या तेवढ्या. गंजून चालल्या होत्या म्हणून…”

“मग फोटोत माझी चप्पल कशी काय आली?”

सुजितने जाहिरात उघडून बघितली. चप्पल खरंच आली होती. एकाने खाली विचारलंही होतं, ‘चप्पल सेटमध्ये धरली आहे का?’

आता शालनबाई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. पट्ट्या अर्जुनरावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. अर्जुनराव कळंबकडचे. पिंपरीत एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं, आणि टाळं या गोष्टीवरचा राग म्हणा की प्रेम, त्यांनी रहाटणीत चावीचं टेबल टाकलं. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. तेव्हा डबा घेऊन आलेली शालनबाई शेजारी बसायची. हात अर्जुनरावांचे आणि डोळे तिचे, असं बरेच दिवस चाललं, आणि हळूहळू हातही तिचेच झाले. अर्जुनराव गेल्यावर आजूबाजूच्या टपरीवाल्यांनी टेबलाच्या जागेची आपसांत वाटणी करून टाकली होती. तेरावं उरकल्यावर शालनबाई येऊन स्टुलावर बसली. पहिल्या दिवसांत लोक यायचे आणि विचारायचे, “चावीवाले कुठेत?” ती बोट आभाळाकडे करायची आणि म्हणायची, “ते वर गेलेत. मी चालंन का?”

सुजित तिच्या बहिणीचा मुलगा. बार्शीला आयटीआय करून आला, चाकणच्या एका कंपनीत चिकटला आणि मावशीकडेच राहिला. त्याचं काम गाडीच्या दारात कुलूप बसवायचं. म्हणजे भाचा दिवसभर कुलपं बसवणार आणि मावशी ती उघडणार, असा त्या घराचा कारभार. “जरा घट्ट बसवत जा रे,” ती जेवताना म्हणायची, “परवा एक उघडलं, नुसतं हात लावला तर आलं.” सुजितला हा अख्ख्या कंपनीचा अपमान वाटायचा आणि तो भाकरी अर्धी टाकून उठायचा. मग परत येऊन बसायचा, कारण ठेचा मावशीचा असायचा.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सुजित मावशीबरोबर स्टेशनला गेला. फौजदार विजयश्री मॅडम फोनवर होत्या तशाच समोरही शांत होत्या. टेबलावर पोतं होतं.

“आदेश वाचला होता का?” त्यांनी विचारलं.

“कुठं लावलावता?”

“तुमच्याच चौकात. विजेच्या खांबावर.”

“त्या खांबावर दादासाहेबांचा वाढदिवस आहे,” शालनबाई म्हणाली. “पार गेल्या महिन्यापासून.”

दादासाहेब म्हणजे वॉर्डातले भावी नगरसेवक. त्यांच्या फ्लेक्सखाली काय काय झाकलं गेलं होतं याचा हिशेब कुणालाच नव्हता. सुजितला हसू आलं.

“हसतंय कोण?” मॅडम म्हणाल्या. “जाहिरात टाकणारा हाच का?”

“हो मॅडम.”

“लिहितोस छान. उद्गारचिन्हं जरा कमी वापर.”

सुजितचं हसू तिथल्या तिथे विरलं. मॅडमनी मग आदेश समजावून सांगितला. चावीशिवाय गाडी उघडायचं कुठलंही साधन जवळ बाळगणं किंवा विकणं, नोंदणी नसेल तर आता गुन्हा होता. कारणही तसंच होतं. रावेतच्या सोसायट्यांतून उभ्या गाड्या जात होत्या. चोरांकडे काडेपेटीएवढी डबी असायची. घरात खुंटीला टांगलेल्या किल्लीचा सिग्नल ती बाहेरून पकडायची आणि गाडी बापडी मालक आला समजून दार उघडायची.

“लोकांनी हप्ते भरून घेतलेल्या गाड्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी उठून बघतात तर जागेवर फक्त ऑइलचा डाग.”

“बरोबर केलात मग. असल्यांना धरायलाच पायजे,” शालनबाई म्हणाली.

“पण काम तर तुमचं सामानही तेच करतं ना?”

“करतंय की.”

“मग चोर कोण आणि तुम्ही कोण, आम्ही कसं ओळखायचं?”

“मी इचारते. त्यो इचारत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काय विचारता?”

आणि शालनबाईने आपली पद्धत सांगितली. गाडी बंद झाली म्हणून माणूस धावत येतो. त्याला कागद मागावेत तर कागद गाडीत. लायसन गाडीत, पाकीट गाडीत, कधी कधी बायकोही गाडीत. मग गाडी याचीच हे कळायचं कसं? म्हणून अर्जुनरावांनी एक रीत पाडली होती. गाडीजवळ जायचं, हातातलं सामान खाली ठेवायचं आणि विचारायचं, गाडीत काय आहे ते सांगा. काचेतून दिसतं ते नाही, न दिसणारं. सीटखाली काय, डिकीत काय, पुढच्या खणात काय. माणसाने सांगितलं की पट्टी लावायची. दार उघडलं की पहिल्यांदा आपण बघायचं, सांगितलेली वस्तू आहे का. असली तर किल्ली त्याच्या हातात. नसली तर दार परत बंद.

“आणि जे सांगितलं ते कुणाला बोलायचं नाही,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांनी मला घातलेली अट होती ती. माणूस अडचणीत सांगतोय. बाहेर काढलं तर पुन्हा कोण खरं सांगंल?”

मॅडमना ती रीत आवडली असावी, पण आवडण्यावर त्यांची नोकरी चालत नव्हती. त्या म्हणाल्या, “नोंदणीला माझी हरकत नाही. पण जाहिरातीमुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुमचं एखादं गिऱ्हाईक आणा, ज्याची गाडी तुम्ही उघडलीत. तुमचं काम सचोटीचं आहे असं त्याने सांगितलं तर सामान आणि नोंदणी, दोन्ही देते. नाहीतर सगळं जप्त, आणि गुन्हा दाखल.”

बाहेर आल्यावर सुजित म्हणाला, “एवढंच ना? नावं सांग, मी घेऊन येतो.”

“कुणाची नावं?”

“गिऱ्हाइकांची गं!”

“नाही सांगायची.”

“मावशी, टेबल जाईल.”

“जाऊ दे. कुणाला बळंच पोलिसात न्यायचं, आणि मॅडमनी इचारलं काय होतं गाडीत, मग? त्यानं काय करायचं?” आणि ती बसची वाट बघत उभी राहिली. टेबल गेलं तर तिच्या हाताला दुसरं काही काम नव्हतं, हे तिला माहीत होतं. सुजितला तर ते तिच्यापेक्षा जास्त टोचत होतं, कारण उद्गारचिन्हं त्याची होती.

त्याने स्वतःच डोकं चालवायचं ठरवलं. पहिली आठवली मिनल. चौकासमोरच्या सोसायटीत राहणारी, बँकेत काम करणारी. तिचा किस्सा सगळ्या चौकाला ठाऊक होता. एकदा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक देखणा माणूस शालनबाईला एका लाल गाडीजवळ घेऊन गेला होता. न दिसणारं सांगा म्हटल्यावर तो म्हणाला, “असेल काहीतरी, तुम्ही उघडा ना, डबल देतो.” शालनबाईने सामान पिशवीत घातलं. तो गेला, पण परत येईल म्हणून ती गाडीला टेकून उन्हात बसून राहिली. दुपारी खरी मालकीण, म्हणजे मिनल, आली. आपल्या गाडीला टेकून सळई बाहेर आलेली पिशवी मांडीवर घेतलेली बाई बघून तिने “चोर, चोर” असं काही केलं की वॉचमन काठीसकट धावत आला.

मिनल लगेच तयार झाली. “मी केव्हाची त्यांची माफी मागायची म्हणतेय,” ती म्हणाली. तिने बँकेतून मॅडमना फोनही केला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, त्यांनी तुमची गाडी उघडली नाही, हे चांगलंच झालं. पण मला उघडलेली गाडी हवी आहे.”

मग सुजितला ती दुपार आठवली. तो डबा द्यायला टेबलाशी गेला होता. पांढरी मोठी गाडी रस्त्यालगत बंद, आणि तिच्याभोवती येरझाऱ्या घालणारे एक म्हातारे गृहस्थ. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, भरघोस मिशा. शालनबाईने प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले होते, “उपरणं हाय की मागच्या शिटावर.” “ते दिसतंय आण्णा. न दिसणारं सांगा.” म्हातारबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सुजितकडे तर फारच संशयाने बघितलं, आणि मग वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. शालनबाईच्या तोंडावरची रेघ हलली नाही. तिने दार उघडलं, डिकीत डोकावली, “आहे,” म्हणाली आणि डिकी लावून टाकली. काय होतं ते सुजितने घरी तीन वेळा विचारलं. “ठेचा घे,” एवढंच उत्तर मिळालं होतं. पण गाडीच्या मागच्या काचेवर चाकणच्या पुढच्या एका गावाचं नाव होतं आणि खाली शर्यतीच्या बैलाचं चित्र. तसं चित्र त्या भागात निम्म्या गाड्यांवर असतं.

गुरुवारी सुट्टी होती. सुजित बाइक काढून त्या गावात गेला आणि पारावर बसलेल्यांना वर्णन सांगितलं. पांढरं धोतर, तुळशीची माळ, मोठ्या मिशा, पांढरी गाडी.

“ह्यात निम्मं गाव बसतंय, भावा,” एकजण म्हणाला. “आनखी काय?”

“ते… किल्ली गाडीत विसरतात.”

“आस्सं म्हना की! गेनबा आण्णा! पानीच्या टाकीमागं.”

गेनबा अंगणात खाटेवर बसले होते. आत त्यांची बायको सगुणाबाई कणीक मळत होती. जमिनीचा एक तुकडा कंपन्यांसाठी गेला, त्यातून घर झालं, मुलाने गाडी घेतली, आणि मुलगा आता कंपनीत सुपरवायझर होता. एकेकाळी गेनबांचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिला यायचा. एका शर्यतीत ते गाड्यावरून पडले, बरगडी मोडली, आणि दवाखान्यातच सगुणाबाईने त्यांच्याकडून माळेवर हात ठेवून वदवून घेतलं, की शर्यत बंद, बैल बंद, घाटाचं तोंड बघायचं नाही. ही सगळी हकिगत सुजितला सगुणाबाईनेच, पाण्याचा तांब्या हातात देता देता, सांगितली.

ती आत गेल्यावर सुजितने खालच्या आवाजात आपली हकिगत सांगितली. गेनबांचा चेहरा पडला.

“म्हंजी… गाडीत काय व्हतं त्ये सांगावं लागंल व्हय?”

“विचारतील असं वाटतंय आण्णा.”

“बाईनं धाडलं का तुला?”

“नाही. ती म्हणते टेबल गेलं तरी चालेल, पण गिऱ्हाइकाला त्रास नको. मी तिला न सांगता आलोय.”

गेनबा बराच वेळ माळेचे मणी चाचपत बसले. आतून पीठ थापटल्याचा आवाज येत होता.

“धाडलं असतं तर न्हाई म्हनलो असतो,” ते शेवटी म्हणाले. “न्हाई धाडलं ना? मग येतो.”

“कुठं येता?” सगुणाबाई दारात उभी होती, हाताला कणीक. “पोलिसात ना? ऐकलं मी. एकटं जायाचं न्हाई. मी बी येनार.”

शुक्रवारी विजयश्री मॅडमसमोर चौघं बसली. मॅडमच्या एका बाजूला ते पोतं. शालनबाई सुजितकडे बघायलाही तयार नव्हती. घरी तिने त्याला दोन दिवस पुरेल एवढं झापलं होतं आणि ठेचा केला नव्हता.

“काका,” मॅडम म्हणाल्या, “या बाईंनी तुमची गाडी उघडली?”

“व्हय. आन् लई चांगल्या रीतीनं. ओरखडा न्हाई.”

“त्याआधी त्यांनी काही विचारलं?”

“इचारलं. मी सांगितलं. मंग उघडली.”

मॅडमनी मान हलवली आणि शालनबाईकडे वळल्या. “असं करू. काकांनी काय सांगितलं होतं ते तुम्ही मला बाजूला येऊन सांगा. मग मी काकांना विचारते. दोन्ही जुळलं की झालं काम.”

साधं होतं. सुजितला तर सुटल्यासारखं झालं. शालनबाई जागची हलली नाही.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

“बाई, मी पोलीस आहे.”

“असू द्या की. त्यांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही.”

“मग हे जुळवायचं कसं? असा कुणीही येऊन म्हणेल, विचारलं आणि उघडली.”

“म्हणंल की.”

“सामान जाईल तुमचं.”

शालनबाईने पोत्याकडे एकदा बघितलं. “तुमचा नियम तुम्हाला पाळायचाय. मला माझा.”

सुजितने कपाळावर हात मारला. गेनबा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. “बाई, सांगा तुमी. माझी परवानगी हाय.”

“सगुणाबाई जरा बाहेर बसल्या तर…” शालनबाई म्हणाली.

“मी का म्हनून भायेर?” सगुणाबाईने पदर खोचला. “माज्या घरची गाडी हाय ती. काय व्हतं तीत? कोन व्हतं?”

“कोन न्हाई गं!” गेनबा ओरडले. आणि मग सगळं अंग आवळून, डोळे मिटून, एका हाताने माळ घट्ट धरून म्हणाले, “अंडी व्हती. डिकीत. चार ट्रे.”

दाराशी उभा असलेला हवालदार आत डोकावला.

“अंडी?” सगुणाबाई म्हणाली. आवाज पार बसला होता. “ह्या माळंवर?”

“मी न्हाई खाल्ली! आईच्यान! बैलाला. दुधात फेटून द्यावी लागत्यात. घाटाचा बैल हाय, नुसत्या कडब्यावर पळंल व्हय? आपल्या बाजूला कुठं घ्यायला जावं तर समदी मला वळखत्यात. माळकरी मानूस अंडी घेतोय म्हनून गावभर झालं असतं. म्हनून पार रहाटनीला जात व्हतो. तिकडं कोन वळखतंय. आन् त्याच गडबडीत किल्ली आत राह्यली.”

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आला असावा. मग त्या शालनबाईकडे वळल्या. “आता तरी? हेच होतं?”

शालनबाईने गेनबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. “चारच ट्रे होते,” ती म्हणाली. “ऊन लई होतं, म्हणून मी सावलीला लावा म्हणलं गाडी.”

“नोंदणीचा अर्ज काढ रे,” मॅडम हवालदाराला म्हणाल्या. “माळकरी माणूस बायकोसमोर अंड्यांचं खोटं सांगणार नाही. आणि ही बाई तर खरंसुद्धा सांगत नाही.”

सगुणाबाई मात्र अजून तिथेच होती. ती नवऱ्याकडे एकटक बघत होती, आणि गेनबा आदेश लावलेल्या भिंतीकडे.

“बैल कंचा?” तिने विचारलं.

“आं?”

“बैल कंचा, म्हनते मी. कुनाचा?”

“बाळूच्या गोठ्यात हाय. निम्मा त्येचा, निम्मा आपला. आपल्या हौश्याचा गोऱ्हा.”

“हौश्याचा?” सगुणाबाई खुर्चीच्या कडेला सरकली. हौश्या तिने स्वतःच्या हाताने वाढवला होता, बाटलीने दूध पाजून. ज्या दिवशी तो विकला त्या दिवशी ती जेवली नव्हती, आणि हे गेनबांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. “कपाळावर चांद हाय का?”

“हाय. बापापरीस मोठा.”

“आन् मला दावला न्हाई.”

“तूच तर माळंवर हात…”

“गाड्यावर बसू नका म्हनले व्हते मी! बैल बघू नका कोन म्हनलं?” ती म्हणाली होती खरं तर दोन्ही, पण पोलीस स्टेशनात ते काढायची गेनबांची हिंमत झाली नाही.

अर्जावर शालनबाईचा अंगठा नव्हे, सही झाली, लपेटीदार, आडनावासकट. रोजचं सामान परत मिळालं. अर्जुनरावांच्या जुन्या पट्ट्या मात्र मिळाल्या नाहीत. तो विक्रीला काढलेला माल होता, म्हणून जप्त झाला. सुजितला ताकीद मिळाली आणि जाहिरात मॅडमसमोरच काढावी लागली. चप्पलवाल्याला उत्तर द्यायचं राहून गेलं.

“माझ्यामुळं गेल्या गं पट्ट्या,” सुजित बाहेर येऊन म्हणाला. “काकांची एवढीच तर वस्तू होती.”

शालनबाईने पोतं खांद्यावर घेतलं. ते तिने त्याला घेऊ दिलं नाही. “जन्मात कधी चौकीची पायरी चढला नाही तो माणूस,” ती म्हणाली. “आता पट्ट्या बसल्यात आत. बसू दे. मॅडम बरी आहे, नीट ठेवंल.” चार पावलं पुढे गेल्यावर ती थांबली. “आणि सुज्या, आण्णाकडं गेलास ते चुकलास. पण बोलताना बरोबर बोललास म्हणं. आण्णा म्हणत होते.” त्या दिवशी जेवायला ठेचा होता, आणि सुजितला तो दोन वेळा वाढला गेला.

त्याआधी स्टेशनच्या फाटकाशी सगुणाबाईने निकाल देऊन टाकला होता. बैल राहील. गेनबा गाड्यावर बसणार नाहीत, बाळू बसेल. दर रविवारी ती स्वतः गोठ्यावर जाऊन गोऱ्ह्याला हात लावून येईल. पण अंडी आपल्या गाडीतून यायची नाहीत. मुलाची गाडी आहे, घरात देव आहेत.

“मंग खुराक बंद?” गेनबांनी विचारलं.

“बंद कशाला? ह्याच्यापायी भांडं फुटलं ना?” तिने सुजितकडे बोट केलं. “मंग ह्यो आनून देईल एक ट्रे. पहिल्या शर्यतीचा खुराक ह्याच्या नावचा.”

सुजितने मोठ्या तोऱ्यात कबूल केलं. रहाटणीतून ट्रे घेतला, बाइकच्या मागच्या सीटवर दोरीने आवळला आणि निघाला. चाकणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ट्रेलर, मध्ये खड्डा, आणि खड्ड्यात उतरताना मागून जो आवाज आला त्यावरून त्याने ओळखलं की पुढे जाण्यात अर्थ नाही. गॅरेजवाल्याने सीट धुऊन दिली आणि आठवडाभर ‘ऑम्लेट’ म्हणून हाक मारली. पुढच्या गुरुवारी कंपनीने सुट्टी रद्द करून ओव्हरटाइम लावला. त्यानंतर पाऊस झाला, मग टायर गेला.

शर्यतीत गोऱ्हा दुसरा आला. गेनबांचं मत असं, की त्या एका ट्रेमुळे पहिला नंबर हुकला. तसा फोन त्यांनी सुजितला केला, आणि मागून सगुणाबाईने फोन ओढून घेऊन तेच पुन्हा सांगितलं, जरा जास्त मोठ्याने.

“आणतो काकू, येत्या गुरुवारी नक्की,” सुजित म्हणाला.

गुलमोहराखाली शालनबाई एका गाडीच्या दाराशी उभी होती आणि घाम पुसणाऱ्या मालकाला विचारत होती, न दिसणारं सांगा. सुजितने फोन खिशात टाकला. अंड्यांचा ट्रे अजून द्यायचाच आहे.